डोंगररांगांचं कार्ड: सावली, गोंद आणि वाकणारा कागद

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि तिन्ही फोटो मोठे करून पाहिले. बाबांच्या पंच्याहत्तरीला सह्याद्रीच्या रांगांचं एक मोठं कार्ड करायचंय, आणि समारंभाला येणाऱ्यांना द्यायला 25 छोटी आभारपत्रं. पाच-पाच थर लावूनही कार्ड चपटं दिसतं, रात्रीत धनुष्यासारखं वाकतं, आणि शेवटी तुम्ही विचारलंत की कटिंग मशीन घेऊ का. अठरा वर्षं मी रत्नागिरीत बसून हेच काम करते आहे. इथल्या दमट हवेने कागदाबद्दल जे शिकवलं, ते कुठल्याही वर्गात शिकले नसते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मशीन आत्ता घेऊ नका. 26 कार्डांसाठी ते लागत नाही, आणि डोंगराची कड यंत्राने कापली की फार गुळगुळीत येते. हाताने कापलेल्या कडेला जो खडबडीतपणा येतो, तो इथे हवाच आहे.

आता चपटेपणा. तुमच्या फोटोत पाया काळा आहे, त्यावर गडद हिरवा, मग मरून, मग गडद निळा. प्रत्येक थराखाली फोम टेप (दोन्ही बाजूंनी चिकटणारी जाड स्पंजची पट्टी) नीट लावलेली आहे, म्हणजे उंची आहे. पण थर दिसतो तो उंचीमुळे नाही, त्याच्या खाली पडणाऱ्या सावलीमुळे. काळ्यावर सावली पडली तरी दिसणार कशी? गडद कागद सावली गिळून टाकतो. हे एकदा पटवून घ्यायचं असेल तर घरातला साधा पांढरा कागद घ्या, त्याचे तीन वेडेवाकडे तुकडे कापा, पुठ्ठ्याचे चौकोन मध्ये ठेवून एकावर एक रचा आणि खिडकीशी तिरप्या उजेडात धरा. एकही रंग न वापरता तुम्हाला तीन डोंगर दिसतील.

म्हणून पाया फिकट घ्या. डोंगरांचा नियम तुमच्या बाबांना तोंडपाठ असेल, त्यांनाच विचारा: सिंहगडावरून तोरणा-राजगडाकडे पाहिलं की जवळची सोंड गर्द हिरवी, तिच्यामागची निळसर, आणि अगदी मागची रांग आभाळात विरघळलेली. मधली हवाच रंग खाते. कागदातही तसंच करायचं. आभाळ जवळजवळ पांढरं, पहिली रांग त्याहून जेमतेम एक छटा गडद, आणि असं करत सगळ्यात पुढची रांग सर्वांत गडद. पाचही थर एकाच कुळातले ठेवा, निळसर राखाडीकडून हिरव्याकडे जाणारे. मरून आणि सोनेरी या कार्डातून काढून टाका. सोनेरी फारच आवडत असेल तर आतल्या बाजूला वापरा.

दुसरी गोष्ट, सगळ्या थरांमध्ये सारखंच अंतर ठेवू नका. ही चूक जवळजवळ सगळ्यांकडून होते, कारण फोम टेपचा एकच रोळ आणलेला असतो. दूरचे डोंगर एकमेकांना चिकटलेले दिसतात, जवळचे सुटे दिसतात. तेव्हा सगळ्यात मागची रांग आभाळावर सपाट चिकटवा, तिच्यापुढची 1 मिलिमीटर उचला, मग 2, आणि सगळ्यात पुढची 3. एकूण जाडी कागद धरून सात-आठ मिलिमीटरच्या आत राहते आणि खोली मात्र दुप्पट वाटते. वेगवेगळ्या जाडीची टेप मिळाली नाही तर मुलांच्या हस्तकलेची 2 मिलिमीटरची फोम शीट आणि वहीच्या मागचा पुठ्ठा यांवर भागतं. पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक चिकटवून हवी ती उंची करता येते. फक्त तो कडेपासून 4 मिलिमीटर आत ठेवा, नाहीतर बाजूने पाहिलं की तपकिरी पायऱ्या दिसतात.

थर उचलण्याची ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर गावात एस्थर हाउलंड नावाची तरुणी 1840 च्या दशकाच्या शेवटी व्हॅलेंटाइन कार्डं करू लागली. वडिलांचं स्टेशनरीचं दुकान होतं. तिला इंग्लंडहून आलेलं एक लेसदार कार्ड मिळालं आणि तसं आपल्यालाही करता येईल असं तिला वाटलं. पांढऱ्या कागदी लेसच्या खाली ती रंगीत कागद घालायची, आणि वरचा थर उचलायला कागदाचीच बारीक घडीदार स्प्रिंग लावायची. फोम टेप नव्हती तेव्हाची ही युक्ती मी आजही वापरते. 1 सेंटिमीटर रुंदीची कागदी पट्टी पंख्यासारखी चार घड्या घालून दुमडायची आणि तिची दोन टोकं दोन थरांना चिकटवायची. पाकिटात ती दबते, बाहेर काढलं की पुन्हा उभी राहते. तुमच्या सगळ्यात पुढच्या रांगेला ही स्प्रिंग लावून बघा.

राजगड करणार असाल तर नेढं विसरू नका! सुवेळा माचीचं ते आरपार भोक म्हणजे थरांच्या कार्डाला मिळालेली देणगीच आहे. त्या थराला नेढं कापलं की त्यातून मागची फिकट रांग दिसते. एवढ्याशा भोकाने सगळं कार्ड जिवंत होतं, आणि गड ओळखायला बाबांना अर्धा क्षणही लागणार नाही. कापताना क्रम लक्षात ठेवा: आतली भोकं आधी, बाहेरची कड शेवटी. कड आधी कापली तर धरायला कागदच उरत नाही आणि बारीक भाग फाटतो. वळणावर कटर स्थिर ठेवून कागद फिरवा. एका दमात आरपार कापायला जाऊ नका, हलक्या हाताने दोन-तीनदा फिरवा. पात्याचं टोक बोथट झालं की कागद कापला न जाता ओढला जातो आणि कडेला केस येतात, तेव्हा पात्याचा एक खण निर्धास्त मोडा. पात्यात कंजूषी करू नका.

कापून झाल्यावर कडा तपासा. आपल्या दुकानांत मिळणारं बरंचसं कार्डशीट एका बाजूनेच रंगवलेलं असतं, त्यामुळे कापलं की पांढरी रेघ दिसते. मागच्या फिकट रांगांना ती चालते, उलट धुक्याची किनार वाटते. पुढच्या गडद रांगेला मात्र खटकते. तिथे त्याच रंगाची पेन्सिल आडवी धरून कडेवरून फिरवा.

आता वाकण्याबद्दल. यासाठीच मी मुख्यतः लिहायला बसले, कारण माझी पहिली मोठी ऑर्डर याच कारणाने बुडाली होती. आषाढात 40 कार्डं केली, रात्री टेबलावर मांडून झोपले आणि सकाळी सगळी पापडासारखी वाकलेली. पुन्हा करायला वेळ नव्हता, पैसे परत करावे लागले. त्यानंतर एका जुन्या बुक बाइंडरने मला समजावलं ते असं.

यंत्राने केलेल्या कागदात तंतू बहुतेक एकाच दिशेला पडलेले असतात. ओलावा लागला की कागद त्या तंतूंच्या लांबीत फारसा वाढत नाही, आडव्या दिशेने वाढतो, आणि वाळताना तसाच आकसतो. फेव्हिकॉलमध्ये पाणी असतं. तुम्ही थराच्या पूर्ण पाठीला तो फासलात की थर फुगतो, फुगलेल्या अवस्थेत पायाला चिकटतो, आणि वाळताना आकसून पायाला आपल्याकडे ओढतो. झालं धनुष्य.

उपाय तीन, आणि तिन्ही एकत्र करायचे. पहिला म्हणजे सगळ्या कागदांची दिशा एक ठेवणं. कागद हलकेच अर्धगोल वाकवून बघा, आधी लांबीत, मग रुंदीत. ज्या बाजूने तो सहज वाकतो, तिकडची घडी तंतूंना समांतर असते. कार्डाची घडीही याच दिशेने घाला. विरुद्ध दिशेने घातली तर जाड कागद घडीवर तडकतो आणि आतला पांढरा दिसतो. घडी घालण्याआधी स्टीलच्या पट्टीने, शाई संपलेल्या बॉलपेनने दाबून रेघ मारा. प्रेसवाले यालाच क्रीज मारणं म्हणतात.

दुसरा उपाय गोंदाचा. सपाट थराला फेव्हिकॉल फासू नका. ग्लू स्टिक किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप वापरा. फेव्हिकॉलच वापरायचा असेल तर टूथपिकच्या टोकाने ठिपके द्या, कडेपासून आत. फोम टेप लावतानाही एका कोपऱ्यात फेव्हिकॉलचा एक ठिपका घालायची माझी सवय आहे: टेप पूर्ण दाबायच्या आत त्या ओल्या ठिपक्यावर थर दोन-चार सेकंद सरकवता येतो, आणि तिरका बसला तर सरळ करता येतो. नुसती टेप एकदा बसली की बसली.

तिसरा उपाय म्हणजे समतोल. बाहेरच्या बाजूला जेवढा कागद चिकटतो, तेवढी ओढ आतूनही हवी. म्हणून कार्डाच्या आत मजकुरासाठी एक फिकट कागद त्याच दिशेने, त्याच गोंदाने चिकटवा. मग फोमचे थर लावायच्या आधी, नुसता सपाट भाग रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबून ठेवा. फोम लावल्यावर वजन ठेवायचं नाही, चेपेल. पावसाळ्यात कागद दुकानातून आणल्याबरोबर कापायला घेऊ नका, दोन दिवस घरात सुटा पसरून ठेवा म्हणजे तो तुमच्या घरच्या हवेला सरावतो.

आभाळासाठी मी हातकागद सुचवेन. पुण्याला शिवाजीनगरची हातकागद संस्था 1940 पासून हे काम करते आहे. सुती चिंध्यांपासून केलेला तो कागद वर्षानुवर्षं पिवळा पडत नाही, आणि हाताने उचललेल्या तावात तंतू सगळीकडे पसरलेले असल्याने तो एका बाजूला फारसा ओढत नाही. बाबांचं कार्ड पुढची वीस वर्षं कपाटात राहावं असं वाटत असेल तर पाया हाच घ्या. धुकंही त्याचंच होतं. ओल्या ब्रशने कागदावर नागमोडी रेघ काढायची, मिनिटभर थांबायचं आणि रेघेवरून हळूच फाडायचं. कड कापसासारखी सुटते. ती पट्टी दोन रांगांच्या मध्ये सरकवा. काही जणी धुक्यासाठी ट्रेसिंग पेपर घेतात. तोही सुंदर दिसतो, पण त्यातून गोंदाचा प्रत्येक ठिपका दिसतो आणि ओल्या गोंदाने तो लगेच सुरकुततो. टेपची बारीक पट्टी लावायची, तीही पुढच्या डोंगराआड लपेल अशीच.

वजनाकडे बघा, कारण काही कार्डं टपालाने जाणार आहेत असं तुम्ही लिहिलंय. हिशेब सोपा आहे. कागदावर लिहिलेलं जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन, आणि ए-4 हा चौरस मीटरचा सोळावा भाग. म्हणजे 300 जीएसएमचा एक ए-4 ताव जवळजवळ 19 ग्रॅमचा. बाबांचं मोठं कार्ड अशा अख्ख्या तावाचं आहे, ते हातात द्यायचंय, त्यामुळे चिंता नाही. छोट्या कार्डांना मात्र 250 जीएसएमचा अर्धा ताव घ्या, तो 8 ग्रॅमच्या आत राहतो. त्यावर 180 जीएसएमच्या तीन अर्ध्या उंचीच्या रांगा साधारण 4 ग्रॅम. पाकीट धरून सगळं 18 ग्रॅमपर्यंत येतं, आणि टपालाचा पहिला टप्पा 20 ग्रॅमचा असतो. पाच थरांचा हट्ट धरलात तर प्रत्येक पाकिटाला जादा तिकीट लागेल. छोट्या कार्डांना तीनच रांगा, एकच 1 मिलिमीटरची उचल, आणि नेढं. पाकीट कार्डापेक्षा दोन्ही बाजूंनी निदान 5 मिलिमीटर मोठं हवं, नाहीतर घालतानाच पुढची रांग दुमडते.

मागच्या थरांचा जो भाग पुढच्यांच्या आड जातो तो मी कापून काढते. कार्ड हलकं होतं आणि त्या तुकड्यांतून छोट्या कार्डांच्या रांगा निघतात. चिकटवायला कडेला 1 सेंटिमीटर ठेवा म्हणजे झालं. आणखी एक. फोमची उघडी बाजू चिकट असते, तिला वर्षभरात धूळ धरते. कापसाच्या बोळ्याने त्या कडांना टाल्कम पावडर लावा. टेप कापताना कात्री चिकटायला लागली की पात्याला खोबरेल तेलाचं बोट पुसा, पण तो हात कागदाला लागू देऊ नका. तेलाचा डाग जात नाही.

25 कार्डं एकेक करून पूर्ण करू नका. सगळ्या मागच्या रांगा एका दिवशी कापा, मधल्या दुसऱ्या, पुढच्या तिसऱ्या, आणि चिकटवणं चौथ्या दिवशी. नमुना जाड पुठ्ठ्यावर एकदाच कापून त्यावरून पेन्सिलीने गिरवा. प्रत्येक कड थोडी वेगळी येईल, येऊ द्या.

आणि बाबांसाठीचा मजकूर आधी लिहा. आतला कागद मोकळा असताना, सपाट टेबलावर, तुमच्या स्वतःच्या अक्षरात. एकदा पुढचे डोंगर उभे राहिले की कार्ड उलटं टेकवून लिहिता येत नाही, खालचे थर दबतात. एखादा शब्द चुकला तर त्या टप्प्यावर फक्त एक पान बदलावं लागतं. ते वाळलं की मग आभाळ चिकटवायला घ्या.