इमेजिंग विभागात साहेब कोण?

तुझं पत्र वाचलं. मेडिकल इमेजिंग टेक्नॉलॉजीच्या पदवीला प्रवेश घ्यायचा तुझा विचार आहे, पण बाबा म्हणतात, "जन्मभर डॉक्टरांच्या हाताखाली फोटो काढत बसणार का?" या विभागात नेमकं कोण कोणाच्या हाताखाली असतं आणि एमआरआय शिकलेलं जास्त बरं का, असे दोन प्रश्न तू विचारले आहेस.

एमआरआयचं आत्ता सोडून दे. साध्या एक्स-रेवर हात बसल्याशिवाय शरीररचना डोळ्यांत भरत नाही. मशीन नंतर निवडता येतं.

हाताखाली कोण, हा प्रश्न मात्र चांगला आहे. मोठ्या हॉस्पिटलात इमेजिंग विभागात दोन उतरंडी शेजारी शेजारी चालतात. एक डॉक्टरांची: विभागप्रमुख रेडिओलॉजिस्ट (प्रतिमा वाचून निदान करणारे डॉक्टर), कन्सल्टंट, शिकाऊ डॉक्टर. तपासणी योग्य आहे का, कोणत्या पद्धतीने करायची आणि प्रतिमेत काय दिसतंय, हे ते सांगतात. रिपोर्टवर सही त्यांची. दुसरी टेक्नॉलॉजिस्टची, म्हणजे मशीन चालवून प्रतिमा घेणाऱ्यांची: चीफ, सीनियर, नवे. ड्यूटी लावणं, मशीनची रोजची तपासणी, नव्यांना शिकवणं हे इकडे. म्हणजे रजा मागायची एकाकडे आणि सीटीचा प्रोटोकॉल, म्हणजे स्कॅन कसा करायचा ते, विचारायचा दुसऱ्याकडे. दोघांचं पटत नसेल तर मधल्या मध्ये टेक्नॉलॉजिस्ट भरडला जातो. कोर्सच्या माहितीपत्रकात हे कुणी छापत नाही.

तिसरा अधिकार किरणोत्सर्ग सुरक्षेचा. मेडिकल फिजिसिस्ट किंवा सुरक्षा अधिकारी प्रत्येकाच्या डोस बॅजवर, म्हणजे अंगावर किती किरणोत्सर्ग पडला ते मोजणाऱ्या बिल्ल्यावर, लक्ष ठेवतो. आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार कर्मचाऱ्यासाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (किरणोत्सर्गाच्या डोसचं एकक) आहे. नियम पाळणाऱ्या विभागात बहुतेकांचा डोस त्याच्या बराच खाली राहतो, हे आईला जरूर सांग.

आता बाबांच्या 'फोटो'बद्दल. इमेजिंग विभागाकडे स्वतःचे रुग्ण जवळजवळ नसतात, सगळे दुसऱ्या विभागांनी पाठवलेले. ओपीडीतून चालत आलेले, वॉर्डातून ट्रॉलीवर आणलेले, इमर्जन्सीतून धावत आणलेले. त्याच वेळी आयसीयूला पोर्टेबल एक्स-रे हवा असतो आणि ऑपरेशन थिएटरमध्ये सी-आर्मवर, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या मशीनवर, माणूस हवा असतो. समज, पक्षाघाताचा संशय असलेला रुग्ण आला. मेंदूत रक्तस्राव झालाय की गुठळी अडकलीय, हे सीटीसारख्या स्कॅनशिवाय ठरत नाही, आणि गुठळी विरघळवणारं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. मग तासभर ताटकळलेल्या ओपीडीच्या रुग्णाला आणखी थांबवावं लागतं. त्याचा राग झेलायला समोर तू असतेस, रेडिओलॉजिस्ट नव्हे.

शिवाय रुग्ण तोच आहे ना, गर्भारपणाची शक्यता आहे का, कॉन्ट्रास्ट (प्रतिमा स्पष्ट दिसावी म्हणून दिलं जाणारं औषध) देण्याआधी मूत्रपिंडांचा अहवाल पाहिला का, हे टेबलावर घेण्यापूर्वी विचारणारी शेवटची व्यक्ती टेक्नॉलॉजिस्ट असते. एमआरआयच्या दारात तर जास्तच. तो चुंबक स्कॅन चालू नसतानाही चालूच असतो. लोखंडी ऑक्सिजन सिलिंडर आत गेला तर गोळीसारखा ओढला जातो. खिशात कात्री असलेल्या सर्जनला तिथे अडवायचा अधिकार टेक्नॉलॉजिस्टला असतो, आणि चांगल्या विभागात सर्जन मुकाट्याने थांबतात. हाताखाली कोण, याचं उत्तर असं दारागणिक बदलतं.

प्रतिमा घेणारं प्रत्येक मशीन रेडिओलॉजीच्या ताब्यात असतंच असं नाही. कॅथ लॅब (अँजिओग्राफी करतात ती खोली) बहुधा हृदयरोग विभागाकडे असते. न्यूक्लिअर मेडिसिन, जिथे रुग्णाला किरणोत्सर्गी औषध देऊन प्रतिमा घेतात, अनेकदा स्वतंत्र विभाग असतो आणि तिथलं वेळापत्रक औषधच ठरवतं: त्यातलं नेहमीचं टेक्नेशियम-99एम दर सहा तासांनी निम्मं होतं. सोनोग्राफी काही ठिकाणी डॉक्टर स्वतः करतात, काही ठिकाणी सोनोग्राफर. प्रतिमा साठवणाऱ्या पॅक्स यंत्रणेचं काम तर संगणकाची आवड असलेल्यांसाठी वेगळीच वाट आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. टेक्नॉलॉजिस्टचा अनुभव वाढवत नेऊन रेडिओलॉजिस्ट होता येत नाही. त्यासाठी आधी वैद्यकीय पदवीच लागते. मनात डॉक्टर व्हायचं असेल आणि हा 'मागचा दरवाजा' वाटत असेल, तर इकडे येऊ नकोस, पुढे कुढत बसशील. माणसं हाताळण्याचा कंटाळा नसेल आणि यंत्रात रस असेल, तर ये.

छोट्या सेंटरात सगळं एकटीने करावं लागतं, मोठ्या हॉस्पिटलात वर्षानुवर्षं एकाच मशीनवर अडकायला होतं. माझं मत: सुरुवात मोठ्या ठिकाणी, आणि रात्रपाळी टाळू नये. रात्री वरिष्ठ कमी असतात, शिकणं जास्त होतं.

प्रवेशाआधी कॉलेजला विचार: प्रशिक्षण कोणत्या हॉस्पिटलात, तिथे इमर्जन्सी विभाग आहे का, विद्यार्थ्यांना रात्री सीटीवर उभं राहू देतात का, आणि रेडिओलॉजिस्ट जागेवर असतात की रिपोर्ट बाहेरून येतात. उत्तरं गुळमुळीत आली तर दुसरं कॉलेज बघ.