ऊर्जा मानेपाशी अडकली आहे का?

‘रोज दोन तास बसतो. पाठीतून ऊब चढते, पण मानेपाशी अडकते. साधना बिघडली तर नाही ना?’ ताओ या चिनी परंपरेतल्या ध्यानाकडे वळलेल्या माणसांकडून हा प्रश्न मला निरनिराळ्या शब्दांत येत राहतो. कुणाच्या टाळूवर दाब येतो, तर कुणाला बेंबीखाली काहीच जाणवत नाही म्हणून रडू येतं. काळजी एकच असते: आतली ऊर्जा सांगितल्याप्रमाणे चालत नाही, म्हणजे आपलंच काहीतरी चुकतंय.

असाच प्रश्न घेऊन आलेल्या एका गृहस्थांची हकिकत त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ते पन्नाशीचे, मूळचे सांगलीकडचे, नोकरीमुळे बरीच वर्षं सिंगापुरात. काम हिशेबतपासणीचं. रक्तदाब वाढला तेव्हा डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि व्यायाम करायला सांगितला. त्यांच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, जिला तिकडे व्हॉइड डेक म्हणतात, सकाळी चिनी आजी-आजोबा ताई-ची करतात. हे त्यांच्या मागच्या रांगेत उभे राहू लागले. त्यांना बरं वाटायला लागलं, झोप सुधारली. मग इंटरनेटवरचा एक महागडा अभ्यासक्रम त्यांनी घेतला आणि तिथून गोष्ट बदलली.

त्यात शिकवत होते ते लहान परिक्रमेचं ध्यान. बेंबीखाली तीन बोटांवर, ज्या जागेला दान्तियन म्हणतात, तिथे लक्ष ठेवून ऊब जमवायची. ती माकडहाडाकडून कण्याने वर न्यायची, डोक्यावरून पुढे आणायची आणि छाती-पोटातून परत खाली सोडायची. पाठीच्या वाटेवर तीन नाकी मानतात: माकडहाड, पाठीचा मध्य आणि कवटीची मागची बाजू. चढणारी आणि उतरणारी वाट तोंडात जोडली जावी म्हणून जिभेचं टोक टाळूला लावायचं. हे सगळं त्या परंपरेत खरोखर आहे, कुणी मनाने रचलेलं नाही.

पहिल्याच ऑनलाइन भेटीत त्यांनी मला एक एक्सेल शीट दाखवली. तारखेपुढे रकाने होते: दान्तियन, माकडहाड, पाठ, मान, टाळू. प्रत्येकात ० ते १० असा आकडा. मानेच्या रकान्यात कित्येक महिने ३ च्या वर काही नव्हतं आणि तो रकाना त्यांनी लाल रंगवला होता.

“आज सकाळी उठल्यावर कसं वाटत होतं?” मी विचारलं.

“आज? आज मान ३, टाळू शून्य.”

“ते कळलं. तुम्हाला कसं वाटत होतं?”

ते थांबले. बऱ्याच वेळाने म्हणाले, “मॅडम, झोपच होत नाही. चार तास जेमतेम. छातीत धडधडतं. डोकं मागून दुखतं.”

गोळ्यांबद्दल विचारल्यावर कळलं, की औषधाने छी, म्हणजे प्राणशक्ती, दबते असं अभ्यासक्रमाच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं. म्हणून गेला महिनाभर गोळी बंद होती. त्यावर रोज श्वास रोखून धरण्याचे प्रकार चालू होते.

इथे मी तत्त्वज्ञान बाजूला ठेवलं. श्वास रोखणं आजपासून बंद, आणि आजच डॉक्टरकडे जायचं, एवढंच बोलले. ते गेले. रक्तदाब बराच चढलेला निघाला, गोळ्या नव्याने सुरू झाल्या. वाचणाऱ्यांपैकी कुणी ध्यानासाठी रक्तदाबाचं, थायरॉइडचं किंवा मनाच्या आजाराचं औषध स्वतःच बंद केलं असेल, तर पुढचं वाचण्याआधी डॉक्टरांना फोन करा. मी हे अगदी कळकळीने सांगते आहे.

पुढच्या भेटीत त्यांनी दबक्या आवाजात दुसरी भीती सांगितली. चिनी साधकांमध्ये एक इशारा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे: चुकीच्या सरावाने आतला अग्नी भरकटतो आणि मनात भूतं शिरतात. ‘माझं तेच झालंय का?’ ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. चीनमध्ये १९८० आणि ९० च्या दशकांत छीकुंगची, म्हणजे श्वास आणि संथ हालचालींतून छी जोपासण्याच्या सरावाची, मोठी लाट आली होती. तेव्हा अतिसरावातून भास, भ्रम आणि कमालीची अस्वस्थता घेऊन लोक दवाखान्यांत येऊ लागले आणि तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांना त्याची वेगळी नोंद घ्यावी लागली. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या १९९४ च्या निदान-पुस्तिकेतही छीकुंगनंतरच्या अशा तात्पुरत्या मनोविकाराचा उल्लेख आहे. म्हणून मी नीट विचारून घेतलं. आवाज ऐकू येतात का? आपल्याला काही खास शक्ती किंवा कामगिरी मिळाली आहे असं वाटतं का? झोप नसूनही अंगात भलताच उत्साह संचारतो का? घरात पूर्वी कुणाला असा आजार होता का? चारही उत्तरं ‘नाही’ होती. एक जरी ‘हो’ असतं, तर ध्यान पूर्ण थांबवून मी त्यांना आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं असतं.

तिसऱ्या भेटीत त्यांच्या पत्नी शेजारी येऊन बसल्या. त्यांची तक्रार साधी आणि खरी होती. “हे जेवून झाल्यावरसुद्धा जीभ टाळूला लावून बसतात हो. बोललं तर उत्तर नाही. आणि सहा महिने झाले, वेगळ्या खोलीत झोपतात.”

ते खाली बघत राहिले. जिंग, म्हणजे देहातलं मूळ सत्त्व, जपायचं, असं शिकवलं होतं. वीर्य साठवलं की त्याचीच छी होते आणि आयुष्य वाढतं, असा त्यांचा समज झाला होता. आपल्याकडच्या पुरुषांना ही भीती नवी नाही; ती लहानपणापासून कानावर पडते, इथे तिला चिनी नाव मिळालं एवढंच. मी स्पष्ट सांगितलं, की शरीर वीर्य सतत तयार करत असतं, ते साठवून बळ वाढत नाही. आणि परंपरेच्या अंगाने बोलायचं तर अंतर्किमयेचे, म्हणजे देहातच ऊर्जेचं रूपांतर घडवण्याच्या या साधनेचे, ग्रंथ ज्या मूळ जिंगबद्दल बोलतात, ते आणि देहातलं वीर्य एकच, असं मानत नाहीत. छ्वानचन पंथाचे ताओ संन्यासी ब्रह्मचर्य पाळतात हे खरं, पण झंगयी पंथाचे पुरोहित लग्न करतात, संसार करतात. बायकोपासून तोंड फिरवणं ही काही ताओची अट नव्हे.

मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. “मग हे सगळं करायचं कशासाठी? ऊर्जा वाढवायची नसेल, तर एवढा खटाटोप कशाला?”

या प्रश्नावर मला त्यांच्याशी निवांत बोलायचं होतं, कारण बहुतेक अभ्यासक्रम नेमका हाच भाग गाळतात. अंतर्किमयेत जिंगची छी, छीचं शेन, म्हणजे चित्ताची प्रभा, आणि शेन शेवटी शून्यात परत, अशी वाट सांगितली आहे. छी हा त्या वाटेवरचा मधला मुक्काम. तिथेच तंबू ठोकून रोज तिचं माप घ्यायचं, असं कुणी म्हटलेलं नाही. ताओ ते चिंग या परंपरेच्या मूळ ग्रंथाच्या दहाव्या प्रकरणात लाओ-त्झु विचारतो, की छी एकवटून, मऊ होऊन, तुला तान्ह्या बाळासारखं होता येईल का? एकवटण्याचा हेतू मऊ होणं हा आहे. हे गृहस्थ तर रोज थोडे अधिक ताठ होत होते.

च्वांग-त्झु हा दुसरा प्राचीन ताओ विचारवंत तर याहून रोखठोक आहे. जुना श्वास टाकायचा, नवा घ्यायचा, अस्वलासारखं लोंबायचं, पक्ष्यासारखं अंग ताणायचं आणि हे सगळं दीर्घायुष्यासाठी करायचं, असं करणाऱ्यांना त्याच्या नावाच्या ग्रंथात खालच्या पायरीवर ठेवलं आहे. असल्या कसरतींवाचूनही दीर्घायुषी होणारा ऋषी त्यांच्या वरचा. त्याच ग्रंथात येन ह्वे हा शिष्य कन्फ्यूशियसला सांगतो, की मी बसतो आणि विसरतो. हातापायांचं भान गळतं, हुशारी गळते, आणि मी त्या महान मार्गाशी, ताओशी, एक होतो. आठव्या शतकाच्या आसपास सिमा छंग-चन या ताओ आचार्याने या ‘बसून विसरण्या’वर आख्खा ग्रंथ लिहिला. जिथे स्वतःलाच विसरायचं, तिथे मानेचे गुण मांडणारा हिशेबनीस बसवून कसं चालेल?

पण म्हणून देह टाकाऊ, असंही ही परंपरा म्हणत नाही, आणि मला ती याचसाठी जवळची वाटते. छ्वानचन पंथात स्वभाव आणि आयुष्य, चित्त आणि देह, दोन्ही एकत्र घडवायचे असतात. त्या पंथाचा वृद्ध आचार्य छिउ छू-जी हजारो मैलांचा प्रवास करून १२२२ मध्ये हिंदुकुश परिसरात चंगीझ खानाच्या छावणीत पोहोचला. खानाने त्याला अमर होण्याचं औषध मागितलं. जीव सांभाळण्याचे मार्ग आहेत, अमर होण्याचं औषध नाही, असं त्याने त्या काळच्या सर्वांत बलाढ्य माणसाच्या तोंडावर सांगितलं.

ही गोष्ट ऐकल्यावर ते एकदम बोलले, “बाबा सात वर्षं अंथरुणाला खिळलेत. अर्धांगवायू. मला तसं व्हायचं नाहीये, मॅडम.” पत्नीने त्यांच्याकडे वळून पाहिलं. हे त्यांनी घरीही कधी बोलून दाखवलं नव्हतं. पुढच्या भेटींमध्ये आम्ही ऊर्जेबद्दल फारच थोडं बोललो. बोललो ते वडिलांबद्दल, सांगलीत त्यांचं सगळं करणाऱ्या बहिणीबद्दल आणि तिला फोन करायचंच टाळलं जातं याबद्दल.

सरावही बदलला. आकडे लिहिणं बंद. पंधरा-वीस मिनिटं बसायचं, श्वास आपला आपण चालू द्यायचा, लक्ष बेंबीखाली हलकेच ठेवायचं, काहीही वर चढवायचं नाही. मेन्शियस या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाने सोंग राज्यातल्या एका शेतकऱ्याची गोष्ट सांगितली आहे. रोपं वाढेनात म्हणून तो एकेक रोप वर ओढून, थकून घरी आला आणि म्हणाला, आज मी रोपांना वाढायला मदत केली. मुलगा धावत शेतात गेला तर सगळी सुकलेली. मन सोडून द्यायचं नाही आणि ओढायचंही नाही, हे तिथलं सूत्र पुढे अंतर्किमयेच्या साधकांनी आपलंसं केलं. हिशेबतपासणीतल्या माणसाला ‘ओढू नका’ हे अंगी बाणवायला वेळ लागला. मधे एकदा त्यांनी विचारलं, “आज काहीच जाणवलं नाही, लिहून ठेवू का?” नको म्हटलं, तर ते हसले. आमच्या भेटींत ते पहिल्यांदाच हसत होते.

आता गोळी नियमित चालू आहे, झोप सहा तासांवर आली आहे, पती-पत्नी एका खोलीत झोपतात. अभ्यासक्रम त्यांनी सोडला आणि पुन्हा व्हॉइड डेकवर मागच्या रांगेत उभे राहू लागले. मानेतला ताठपणा पूर्ण गेलेला नाही. संगणकापुढे बसणाऱ्या माणसाच्या मानेकडे आधी फिजिओथेरपिस्टने बघावं, असं माझं म्हणणं आहे, आणि त्यांनी परवाची वेळ घेतली आहे. दिवाळीत तीन आठवडे सांगलीला राहून वडिलांचं करायचं, बहिणीला सुट्टी द्यायची, असं ठरलं आहे. बहिणीशी पहिलं बोलणं कसं सुरू करायचं, हा आमच्या पुढच्या भेटीचा विषय आहे.