अंडपेशीवर आईचा ठसा केव्हा उमटतो?

प्रश्न : आईकडून व वडिलांकडून आलेल्या काही जनुकांपैकी एकच प्रत काम करते, कारण ती कोणाकडून आली याचा रासायनिक ‘ठसा’ तिच्यावर असतो, असे मी बारावीच्या वर्गात शिकवते. पण मुलीच्या अंडपेशी तर तिच्या जन्माआधीच तयार झालेल्या असतात. मग हा ठसा त्यांच्यावर केव्हा आणि कसा उमटतो?
— एक शिक्षिका, सातारा

उत्तर : अंडपेशी जन्माआधी तयार होतात हे खरे, मात्र त्या वेळी त्यांच्यावर ठसे नसतात. मुलीला तिच्या आईवडिलांकडून मिळालेले ठसे तिच्या भ्रूणावस्थेतील जननपेशींतून आधीच पुसले गेलेले असतात. उंदरांवरील प्रयोगांवरून दिसते की, नवे ठसे जन्मानंतर, विभाजन थांबलेली अंडपेशी आकाराने वाढू लागते तेव्हाच उमटतात. तोमोहिरो कोनो यांच्या गटाने २००४ मध्ये जपानमध्ये जन्माला घातलेली ‘कागुया’ ही बिनबापाची उंदरीण याच कोरेपणावर बेतलेली होती : तिच्यातील गुणसूत्रांचा एक संच वाढलेल्या अंडपेशीचा होता, तर दुसरा नवजात मादीच्या न वाढलेल्या अंडपेशीचा, म्हणजे वडिलांच्या संचाच्या जागी कोरा संच होता, आणि त्यातील एच१९ या, वडिलांकडून आलेल्या प्रतीत एरवी बंद राहणाऱ्या जनुकाचा भागही मुद्दाम काढून टाकलेला होता.

ठसा म्हणजे डीएनएमधील सायटोसिन या ‘अक्षराला’ जोडलेला मिथाइल गट; या जोडणीला मिथिलेशन म्हणतात. तो जोडण्याचे काम डीएनएमटी३ए हे विकर करते आणि डीएनएमटी३एल हे प्रथिन त्याला साहाय्य करते. हे साहाय्यक प्रथिन नसलेली मादी उंदीर स्वतः धडधाकट असते, तिच्या अंडपेशी फलितही होतात, पण गर्भ मात्र गर्भकाळाच्या मध्यावर दगावतात.

जागा कशी ठरते, हा यातला सर्वांत रंजक भाग आहे. वाढत्या अंडपेशीत काही जनुकांचे आरएनए-लेखन (डीएनएवरून आरएनए बनणे) नेहमीच्या जागेच्या बरेच आधीपासून सुरू होते आणि पुढच्या नियंत्रक भागावरून सरळ पार जाते. लेखन जिथून जाते तिथल्या हिस्टोनवर (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवर) सेटडी२ हे विकर एक खूण करते व मिथिलेशनाला वाट मिळते; शिवाय मिथिलेशनाला मज्जाव करणारी हिस्टोनवरची दुसरी खूण काही ठिकाणी केडीएम१बी या विकराला काढावी लागते. उंदरातील ‘जीनास’ जनुकाचे हे लेखन मध्येच तोडले, तेव्हा तेथील मिथिलेशन बिघडले.

म्हणून ‘अंडपेशी ठरावीक जनुके निवडते’ असे वर्गात सांगू नये, असे मला वाटते. उंदराच्या अंडपेशीत हजाराहून अधिक सीपीजी-बेटांवर (सायटोसिन-ग्वानिन जोड्या दाटीने असलेल्या डीएनएच्या पट्ट्यांवर) मिथिलेशन होते. फलनानंतरच्या पुसापुशीतून कायमचे टिकतात ते मोजकेच ठसे, कारण झेडएफपी५७ हे प्रथिन विशिष्ट अक्षरक्रम ओळखून त्यांना धरून ठेवते. माणसात या प्रथिनाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्या, तर अंडपेशीत उमटलेले ठसे भ्रूणात गळतात आणि बाळाला जन्मानंतर लगेच, बहुधा तात्पुरता, मधुमेह होऊ शकतो.