लातूरला वडिलांची डाळमिल आता मी बघतो. किती माल साठवता येईल याचे सरकारी आदेश अचानक येतात, मग तूर किती भरून ठेवायची हे कसं ठरवावं?

मी लातुरात मिलवाल्यांचे हिशेब बघतो, म्हणून मिलपुरतंच बोलतो. आदेश कधी येणार याचा अंदाज बांधणं सोडा. ‘दिल्लीची आतली खबर आहे’ म्हणणारा मार्केट यार्डात रोज एक तरी भेटतो. खबर खरी असती तर तो तुम्हाला सांगत बसला नसता, स्वतः माल भरला असता. आदेश आलाच तर आपला किती माल जास्तीचा ठरेल, ते आजच काढून ठेवा.

२०२३ बघा. २ जूनला केंद्राने तूर आणि उडदावर साठामर्यादा लावली. मिलला मागच्या तीन महिन्यांचं उत्पादन किंवा वार्षिक क्षमतेच्या २५ टक्के, यातलं जे जास्त तेवढं ठेवता येत होतं. २५ सप्टेंबरला ते एक महिना किंवा १० टक्क्यांवर आलं. ६ नोव्हेंबरला पुन्हा तीन महिने, २५ टक्के. म्हणजे वर्षाला १०,००० टनांच्या मिलला क्षमतेच्या हिशेबाने आधी २,५०० टन, मग १,०००, आणि दिवाळीच्या तोंडावर परत २,५००! ज्याची बँकेची सीसी, म्हणजे मालावर घेतलेलं खेळतं कर्ज, तुरीत अडकलेली असते, त्याला अशा वेळी भाव न बघता माल काढावा लागतो.

म्हणून माझा हिशेब असा: २०२३ मधली सगळ्यात कडक मर्यादा, म्हणजे क्षमतेच्या १० टक्के, तेवढा माल निवांत धरा. त्यावरची तूर घेताना ती महिनाभरात फटका डाळ (सालं काढून भरडलेली तूरडाळ) होऊन बाहेर पडणार का, एवढंच बघा. गिऱ्हाईक ठरलेलं नसेल तर सौदा सोडा, भाव कितीही गोड वाटो.

आयातीच्या सवलतीची मुदत संपेल म्हणून तर माल मुळीच भरू नका. डिसेंबर २०२३ मध्ये पिवळा वाटाणा शुल्कमुक्त झाला तेव्हा मुदत ३१ मार्च २०२४ होती. पुढे ती अनेकदा वाढली.

रजिस्टर, गोदाम आणि सरकारी पोर्टलवर भरलेला साठा, तिन्ही आकडे जुळते ठेवा. भाड्याच्या गोदामातला माल हमखास राहून जातो.

वडिलांशी खटके उडतील. त्यांच्या पिढीने भाव ओळखून पैसा केला, त्यांना माल सोडणं जड जाणारच. खरेदी ठरवताना मुनीमजींनाही बसवा. ते ‘एवढं नको’ म्हणाले, तर का म्हणाले ते वहीत लिहा आणि मगच वडिलांसमोर आकडा ठेवा.