थरारपटातला आवाज

प्रश्न : हल्लीच्या थरारपटांत दर दोन मिनिटांनी ढाण्‌कन संगीत वाजतं आणि आपण दचकतो. जुन्या थरारपटांतही असंच असायचं का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : नाही, आणि याचं मला मनापासून दुःख आहे. चित्रपटांचं ध्वनिसंकलन हे माझं काम. ‘इथे म्युझिक चढवा’ ही मागणी सतत कानावर येते. ज्यांनी थरारपट हा प्रकार घडवला, त्यांचा भर मात्र वेगळ्याच गोष्टीवर होता.

आल्फ्रेड हिचकॉकचा ‘ब्लॅकमेल’ (१९२९) सुरू झाला मूकपट म्हणून आणि मधेच त्याचा बोलपट झाला. अंगावर आलेल्या चित्रकाराला नायिकेने रात्री सुरीने मारलंय. सकाळी न्याहारीला एक शेजारीण त्या खुनाबद्दल बडबडतेय. हळूहळू तिचे बाकीचे शब्द पुसट होतात, स्पष्ट ऐकू येतो तो एकच : ‘नाइफ’. पुन्हा ‘नाइफ’. वडील पाव कापायला सांगतात, नायिका सुरी उचलते, तेवढ्यात तो शब्द किंचाळल्यासारखा येतो आणि सुरी हातून उडते. तिच्या मनातली भीती आपल्याला तिच्याच कानांनी ऐकू येते. तेही अशा काळात, जेव्हा नंतर डबिंग करायची सोय नव्हती! नायिका अ‍ॅनी ऑन्ड्राचे उच्चार चेक वळणाचे, म्हणून तिचे संवाद कॅमेऱ्याबाहेर उभी राहून जोन बॅरी बोलत होती.

फ्रिट्झ लांगच्या जर्मन ‘एम’मध्ये (१९३१) पार्श्वसंगीतच नाही. मुलांना मारणारा माणूस ग्रीग या संगीतकाराची एक धून शिट्टीवर वाजवत फिरतो. त्याचा चेहरा दिसण्याआधी ती शिट्टी आपल्या ओळखीची होते. त्याला ओळखतो तोही एक आंधळा फुगेवाला.

तुम्ही म्हणता त्या ‘ढाण्‌’चं मूळ बरेच जण ‘सायको’त (१९६०) शोधतात. त्यातल्या न्हाणीघरातल्या खुनाला हिचकॉकला संगीत नकोच होतं. संगीतकार बर्नार्ड हर्मनने तरीही ते लिहिलं, फक्त तंतुवाद्यांसाठी, आणि ऐकल्यावर हिचकॉकने मत बदललं. पण त्या किंकाळणाऱ्या व्हायोलिन्सच्या आधी काय ऐकू येतं? नुसतं शॉवरचं पाणी. नक्कल करणाऱ्यांनी व्हायोलिन्स उचलली आणि पाणी सोडून दिलं. खुद्द हिचकॉकने तीन वर्षांनी ‘द बर्ड्‌स’ केला, तो नेहमीच्या पार्श्वसंगीताशिवाय. पक्ष्यांचे बरेचसे आवाज इलेक्ट्रॉनिक वाद्यावर तयार केलेले.

आपल्याकडे बी. आर. चोप्रांचा ‘कानून’ (१९६०) आणि यश चोप्रांचा ‘इत्तेफाक’ (१९६९) यांनी गाणीच काढून टाकली. गाण्यांवर सिनेमा चालायच्या दिवसांत हे धाडसच. दोन्हींचं पार्श्वसंगीत सलील चौधरींचं.

‘ब्लॅकमेल’ची मूक आवृत्तीही टिकून आहे. आधी ती पाहा, मग बोलपट पाहा आणि न्याहारीच्या वेळचा भाग ताडून बघा.