सूज उतरली, एक्स-रे ठीक आहे, तरी घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो; क्रेप बँडेज बांधून खेळू का?

चार आठवड्यांपूर्वी बॅडमिंटन खेळताना तुमचं पाऊल आत वळलं, हाड शाबूत निघालं, सूज गेली आणि त्यानंतरही उडी मारून खाली येताना घोटा दोनदा लचकला, असं तुम्ही लिहिलंय. क्रेप बँडेजच्या भरवशावर खेळू नका. ते सूज दाबायला असतं. घोटा वळण्यापासून रोखण्याइतकी ताकद त्यात नसते, आणि थोडं धावलात की तेही सैल पडतं.

चवडा खाली झुकलेला असताना पाऊल आत वळलं की बाहेरच्या घोट्याच्या पुढचं लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणारा चिवट पट्टा, सगळ्यात आधी ताणलं जातं किंवा फाटतं. सूज दोन-तीन आठवड्यांत उतरते, पण लिगामेंटचे नवे तंतू ताणाच्या दिशेने नीट बसायला कित्येक महिने लागतात. शिवाय पाऊल कुठे, किती कललंय ही खबर मेंदूला देणारी मज्जातंतूंची टोकंही त्याच लिगामेंटमध्ये असतात. ती खबर उशिरा पोचते, नडगीच्या बाहेरच्या बाजूचे पेरोनिअल स्नायू उशिरा आवळतात, आणि तोवर पाय वळलेला असतो. आराम करून हे भरून येत नाही, सराव लागतो.

आधी भिंतीची चाचणी करा. अनवाणी भिंतीसमोर उभे राहा, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा, आणि अंगठा भिंतीपासून जास्तीत जास्त किती सेंटिमीटर मागे नेता येतो ते दोन्ही पायांवर मोजा. दीड सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर हीच हालचाल व्यायाम म्हणून रोज दहादहाच्या तीन फेऱ्या, प्रत्येक वेळी पाच सेकंद थांबून. गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत पुढे जायला हवा. तो आत पडला आणि तळव्याची कमान बसली तर माप चांगलं दिसतं, घोटा मात्र तेवढा वाकलेला नसतो. ताण पोटरीत न जाणवता घोट्याच्या पुढच्या बाजूला अडकल्यासारखं वाटत असेल तर अडचण सांध्यात आहे. पोटरी कितीही ताणली तरी उपयोग नाही, फिजिओकडून सांधा हाताने मोकळा करून घ्या.

पेरोनिअलसाठी रबर बँड. पाय लांब करून बसा, बँड चवड्याभोवती घ्या, दुसरं टोक आतल्या बाजूला पक्कं बांधा. दोन सेकंदांत पाऊल बाहेर ढकला, चार सेकंदांत सावकाश परत आणा. पंधराच्या तीन फेऱ्या, एक दिवसाआड. बहुतेक जण इथे मांडीपासून अख्खा पाय फिरवतात, मग काम खुब्याचे स्नायू करतात. मांडीवर हात ठेवा, ती हलता कामा नये. आणि चवडा थोडा खाली झुकवूनच करा, कारण पाय मुरगळतो तो त्याच स्थितीत.

टाचा उचलण्याचा व्यायाम आधी दोन पायांवर, मग दोन्हींवर वर जाऊन एकावर खाली, मग पूर्ण एका पायावर. एका पायावर सलग 25, किंवा निदान चांगल्या पायाइतके जमेपर्यंत. वर जाताना भार करंगळीकडे घसरला तर तुम्ही मुरगळण्याचाच सराव करताय! दोन पायांवर करताना टाचांमध्ये टेनिसचा चेंडू धरला की ही सवय लवकर सुटते.

तोल सांभाळायला मात्र सगळ्यात जास्त वेळ द्या. दुखऱ्या पायावर 30 सेकंद, चार वेळा, रोज, भिंतीजवळ. डोळे उघडे ठेवून पाय न टेकवता जमलं की डोळे मिटून, मग घडी घातलेल्या उशीवर, मग एका पायावर उभं राहून चेंडू झेलत. खेळताना तुमची नजर शटलवर असते, पावलावर नाही. म्हणून शेवटची पायरी टाळू नका. डुगडुगणारी फळी घेऊन महिनोन् महिने तिच्यावरच उभं राहणारेही असतात. त्याने फळीवर उभं राहणं सुधारतं, उडीनंतर जमिनीवर उतरणं नाही. टाचांचा व्यायाम जमू लागला की दोन पायांच्या लहान उड्या सुरू करा, मग एका पायाच्या, पुढे आणि आडव्या. पाय टेकतानाचा आवाज जितका कमी तितकं चांगलं.

दहापैकी तीनपर्यंत दुखणं चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज किंवा ताठरपणा वाढला तर पुढच्या वेळी निम्मंच करा. बर्फ या टप्प्यावर विसरा. आराम, बर्फ, दाब आणि पाय वर ठेवणं हे सूत्र 1978 मध्ये मांडणाऱ्या गेब मिर्किन यांनीच पुढे लिहिलं की बर्फ आणि पूर्ण आराम यांनी बरं होणं लांबू शकतं.

कोर्टवर परतायचं ते कॅलेंडर बघून नाही. एका पायाची लांब उडी चांगल्या पायाच्या निदान 90 टक्के, आणि जमिनीवर 30 सेंटिमीटर अंतरावर दोन रेषा आखून त्या दोन्ही ओलांडत एका पायावर आडव्या उड्यांच्या दहा फेऱ्या, दोन्ही पायांना साधारण सारखाच वेळ. हे जमल्यावर आधी नुसतं फुटवर्क, मग सामना. खेळताना सहा महिने ते वर्षभर लेसचा ब्रेस (बुटासारखा नाडीने आवळायचा घोट्याचा आधारपट्टा) वापरा. व्यायाम चालू असेल तर ब्रेसने स्नायू कमजोर होत नाहीत. टेपही चालते, पण घामाने आणि हालचालीने ती अर्ध्या तासात बरीच सैल होते.

पाऊल बाहेर फिरवताना घोट्याच्या वर, नडगीच्या दोन हाडांच्या मधोमध दुखत असेल, तर ती वेगळी, बरी व्हायला जास्त वेळ घेणारी इजा आहे. उड्या थांबवून दाखवून घ्या. सांधा मध्येच अडकत असेल किंवा सहा-आठ आठवड्यांनंतरही आत खोल दुखत असेल तर एमआरआयबद्दल विचारा, कारण कूर्चेची इजा साध्या एक्स-रेत सुटू शकते. ज्यांचा पाय आजच मुरगळलाय आणि एक्स-रे काढलेला नाही, त्यांनी चार पावलं टाकून पाहावीत. ती जमत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर टोकापासून 6 सेंटिमीटरपर्यंत, तळपायाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर किंवा आतल्या बाजूला कमानीच्या वरच्या हाडावर दाबून दुखत असेल, तर व्यायामाआधी एक्स-रे.