अक्रोडाचं लाकूड पहिल्यांदा घेतोय? मग हे वाच भाऊ

भाऊ, सागावर हात बसलाय ना, मग अक्रोडाला घाबरू नको, उलट सागात सिलिका असते म्हणून रंध्याचं पातं लवकर बोथट होतं, अक्रोडात तो त्रास नाही. मऊसर कापलं जातं, पटाशी छान चालते, म्हणूनच काश्मीरची नक्षी यात होते आणि बंदुकीचे दस्तेही. फक्त जिथे लाकडातली रेषा उलटी फिरते ना, तिथे रंधा बारीक लाव, नाहीतर ढलप्या उडतात. माझा एक फळा असाच वाया गेलाय, जाऊ दे.

बाहेरचा पांढरट भाग घेऊ नको, त्याला कीड लवकर लागते. चॉकलेटी गाभाच घे. आणि रंगाचं उलटं गणित आहे, बाकी बरीच लाकडं काळानं गडद होतात, हे उन्हात फिकं पडतं, त्यामुळे खिडकीजवळ ठेवायची वस्तू असेल तर विचार कर.

आता आपल्या जळगाव-धुळ्याचा मे महिना, ४४-४५ डिग्री! माल आल्या आल्या कापायला बसू नको, टोकांना मेण फास, फळ्यांच्या मधे पट्ट्या देऊन सावलीत दोन-तीन आठवडे पडू दे. मी घाई केली, डब्याचं झाकण उन्हाळ्यात असं आखडलं की फट पडली.

ओल्या लाकडाला लोखंड लागलं की काळे डाग पडतात, पितळी स्क्रू वापर. तोंडाला मास्क लाव, भुसा नाकाला झोंबतो. पहिलं काम पलंगाचं नको, मसाल्याचा डबा कर.